वरच्या अंगाचं पाणी

निसर्गकवितेवर एक जुना आरोप आहे. माणसं उपाशी असताना, कर्जात बुडालेली असताना कवीला झाडं आणि झरे कसे सुचतात? जळगावात मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. बालकवी शिकवायला घेतले की हा प्रश्न वर्गातून यायचाच, आणि विचारणारी मुलं बहुधा पारोळा, शिंदखेडा अशा कोरडवाहू भागातली असायची. पाऊस दडी मारून बसला की घरात काय होतं, हे त्या मुलांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यामुळे त्यांचा प्रश्न मला कधी उडवून लावता आला नाही. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते आहे आणि त्यासाठी मला आधी इराणात जावं लागणार आहे.

सोहराब सेपेहरी हा विसाव्या शतकातला इराणी कवी. जन्म 1928 चा, मृत्यू 1980 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं. घर काशानचं, म्हणजे मोठ्या वाळवंटाच्या कडेला वसलेल्या, झऱ्याच्या आणि भुयारी पाटांच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरातलं. तो चित्रकारही होता. जपानला जाऊन त्यानं लाकडी ठशांची छपाई शिकली, भारतातही येऊन गेला, बुद्धाची आणि उपनिषदांची त्याला ओढ होती. अब्बास कियारोस्तामीचा 1987 चा, मित्राचं घर शोधत हिंडणाऱ्या लहान मुलाचा चित्रपट आपल्याकडे अनेकांनी पाहिला असेल. त्याचं शीर्षक सेपेहरीच्या कवितेतून आलेलं आहे.

मी त्याला इंग्रजी अनुवादातून वाचलं. मूळ फारसी कानावर पडलं ते आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांमुळे. ते मूळचे बुऱ्हाणपूरचे. मी इंग्रजी अर्थ सांगायचा आणि त्यांनी मूळ ओळी म्हणून दाखवायच्या, असा आमचा परिपाठ झाला होता. अर्थाबद्दल आमचं पटायचं नाही आणि त्या न पटण्यातूनच मला बरंचसं कळलं.

आईला अर्पण केलेल्या, 1965 च्या सुमाराच्या एका दीर्घ कवितेत सेपेहरी स्वतःला मुसलमान म्हणवतो आणि मग नमाजाला लागणारं सगळं, दिशा (किब्ला), आसन, अजान, एकेक करून फुलात, झऱ्यात, वाऱ्यात नेऊन ठेवतो. आमचे सर तिथे थांबले आणि म्हणाले, "ताई, हे सुंदर आहे, पण धोक्याचं आहे. किब्ला एकच असतो, म्हणून हजार माणसं एका ओळीत उभी राहतात. ज्यानं त्यानं आपापलं फूल धरलं तर जमात कशी उभी राहील?" मला हा आक्षेप धर्ममार्तंडाचा वाटला नाही. निसर्गात देव पाहणारा माणूस एकटा पडतो का, असा तो प्रश्न होता. माझ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळ्या वाटेनं येऊन इथेच पोचत होता.

इराणात तो याहून कडक शब्दांत विचारला गेला. 1967 च्या संग्रहात सेपेहरीची पाण्यावर एक छोटी कविता आहे. पाणी गढूळ करू नये, एवढंच तिचं सांगणं. का, तर खाली कुठेतरी एखादं कबूतर पीत असेल, कुणी फकीर आपली कोरडी भाकर भिजवत असेल, कुठल्या गावात घागर भरली जात असेल. शेवटी कवी वरच्या अंगाच्या गावाचं कौतुक करतो, कारण तिथल्या लोकांना पाणी कळलं आहे. 1953 मध्ये पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथून टाकलं गेलं, त्यानंतर तो देश शहाच्या गुप्त पोलिसांच्या दहशतीत होता. कवी तुरुंगात जात होते. अखवान सालिसची हिवाळ्यावरची कविता लोकांनी वाचली ती देशावर पडलेल्या थंडीची कविता म्हणून. अशा वेळी पाणी गढूळ करू नका हे काय मागणं झालं? अहमद शामलू हा त्या काळचा मोठा कवी. त्यानं म्हटलं होतं, ओढ्याकाठी निरपराध माणसांची मुंडकी उडवली जात असताना दोन पावलं खाली उभं राहून असं बोलणं आपल्याला जमणार नाही.

शामलूचा राग मी समजू शकते. ज्याचे मित्र तुरुंगात आहेत त्याला कबूतर दिसणार नाही. पण ती कविता माझ्या मनात ठसली ती शामलूला दिसली नाही अशा एका जागेमुळे, आणि ती जागा मला माहेरानं दाखवली.

माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथली फडपद्धत अभ्यासकांना माहीत आहे, पण खुद्द खानदेशातल्या नव्या पिढीला ती सांगावी लागते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. नदीवर चुनादगडाचा बुटका बंधारा, त्याच्या बगलेतून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि त्या पाण्याखाली येणाऱ्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. अशा बंधाऱ्यांची माळच पांझरेवर एकाखाली एक होती. ही व्यवस्था तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते आणि ती चालवली शेतकऱ्यांनीच. एका फडात एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू किंवा बाजरी, पुढच्या वर्षी पालट. पाणी सोडायला पाटकरी, प्रत्यक्ष शेतं भिजवायला बारेकरी, पिकाची राखण करायला जागल्या. आपल्या शेताला आपण पाणी लावायचंच नाही. बारेकरी लावील, सगळ्यांचं सारखं. आजोबा काही वर्षं पाटकरी होते.

या व्यवस्थेतली खरी खोल गोष्ट जमिनीच्या वाटणीत आहे. साधारणपणे प्रत्येक कुटुंबाची एकेक पट्टी प्रत्येक फडात असायची. पाणी कमी असलं की एखादा अख्खा फड पडीक ठेवायचा. आता ज्याचं काहीच त्या फडात नाही असा माणूस गावात नसायचा, त्यामुळे तूट आली की ती सगळ्यांच्या घरी येई. वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा असे दोन शेतकरी वेगळे काढताच येत नसत, कारण एकाच माणसाची एक पट्टी वर आणि एक खाली. लहानपणी पाटात पाय घालून बसलो की वडील रागावायचे. त्यांचं कारण एवढंच असायचं, "खालल्यासले बी पानी लागस." ते काही तत्त्वज्ञान सांगत नव्हते. खालच्या वस्तीत बायका त्याच पाटावर भांडी घासायच्या, घागरी भरायच्या.

सेपेहरीची कविता वाचली तेव्हा मला पहिल्यांदा वडिलांचा आवाज ऐकू आला. ती पाण्याची स्तुती आहे असं समजणाऱ्यांनी तिची दिशा नीट पाहिलेली नाही, असं मला ठामपणे वाटतं. ती वरच्या अंगाला उभ्या असलेल्या माणसाशी बोलते, ज्याच्या हातात पाणी अडवणं आणि नासवणं आहे त्याच्याशी. आणि ज्यांच्यासाठी बोलते त्यातलं कुणीही त्याला दिसत नाही. कबूतर दिसत नाही, फकीर दिसत नाही, घागर कुणाची ते माहीत नाही. प्रत्येक वाक्यात "असेल" आहे. कुराणात श्रद्धावानाचं पहिलं लक्षण सांगितलंय ते न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवणं. सेपेहरीनं तो न दिसणारा आकाशातून काढून ओढ्याच्या खालच्या वळणावर बसवला. माझ्या लेखी ही त्याच्या कवितेतली सर्वांत धार्मिक गोष्ट आहे, फुलाच्या किब्ल्याहूनही.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तर मग जमात उभी राहिली म्हणायची. फक्त ओळ आडवी नाही, नदीसारखी लांब आहे."

या विचाराची मुळं किती जवळची आहेत हेही त्यांनीच दाखवलं. फारसी कवितेच्या मागे शतकानुशतकं एक सिद्धान्त उभा आहे, वहदत-उल-वुजूद, असणं एकच आहे. जे जे आहे ते त्या एकाच असण्याचं प्रकट होणं. त्याची मांडणी सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबीच्या परंपरेतली. पण या सिद्धान्ताचं जगभर फिरलेलं एक लहानसं पाठ्यपुस्तक 1590 मध्ये लिहिलं गेलं ते बुऱ्हाणपुरात, फारुकी सुलतानांच्या खानदेशाच्या राजधानीत. लेखक मुहम्मद बिन फजलुल्लाह बुऱ्हाणपुरी, मृत्यू 1620. अरबी भाषेतलं ते छोटं पुस्तक समुद्रापार सुमात्रा आणि जावापर्यंत गेलं आणि तिथल्या इस्लामी विचारावर त्याचा ठसा उमटला. त्यात असण्याच्या सात पायऱ्या सांगितल्या आहेत. निर्गुण, अनाम अशा अवस्थेपासून ते असणं पायरी पायरीनं खाली उतरतं आणि शेवटच्या पायरीवर माणूस येतो. आज या ग्रंथावर आचे आणि जावाच्या संदर्भात लिहिलं जातं. तापीकाठी तो लिहिला गेला हे आपल्या खानदेशच्या इतिहासात आपण क्वचितच सांगतो. मला याचं वाईट वाटतं.

त्याच बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा आहे. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या उतारावरचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं. वर शंभरावर कुंड्या, म्हणजे हवा आणि उजेड आत सोडणाऱ्या विहिरी. काशान ज्या भुयारी पाटांवर जगलं त्यांचंच हे भावंड. सरांबरोबर मी तिथे गेले होते. खाली उतरल्यावर दोन्ही बाजूंच्या खडकावर चुन्याचा पांढरा थर आणि मधून संथ वाहणारं पाणी. ज्या शहरात असण्याच्या सात पायऱ्या लिहिल्या गेल्या, तिथे पंचवीसेक वर्षांतच पाणीही असं पायरीनं उतरवलं गेलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता असा माझा दावा नाही. पण पाण्याची तहान आणि एकत्वाची तहान एकाच कोरड्या मुलखातली आहे, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

मात्र एकत्वाच्या सिद्धान्तात एक पळवाटही आहे. सगळं एकच असेल तर कुणाचं कुणावर काही देणं उरतं का? नदी मीच आणि तहानलेलाही मीच, मग अन्याय झाला कुणावर? सूफी विचारवंत शेख अहमद सरहिंदी यांनी या मताशी मोठा वाद घातला, तो ईश्वर आणि सृष्टी यांतला भेद पुसला जाऊ नये म्हणून. मला त्या वादातली माणसांच्या बाजूची काळजी जास्त जवळची वाटते. भेद पुसला की शेजारीही पुसला जातो. आपल्या अद्वैताच्या प्रवचनांत मी हे होताना पाहिलं आहे. अवघं ब्रह्म एक म्हणणारे श्रोते घरी जाऊन विहिरीवरून भाऊबंदकी करतात. सेपेहरी मोठा ठरतो तो इथे. तो "सर्व एक आहे" म्हणून थांबत नाही. एकच पाणी पिणारे वेगवेगळे जीव तो मोजून दाखवतो, पक्षी वेगळा, फकीर वेगळा, घागर वेगळी.

आता बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म धरणगावचा, 13 ऑगस्ट 1890. जळगावात 1907 मध्ये भरलेल्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी या पोराला बालकवी ही पदवी दिली. पुढे 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला, तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. त्याच्यावर माझं प्रेम आहे आणि म्हणूनच हे लिहिताना जड जातं. त्याच्या निसर्गात खाली कुणी पीत नाही. आनंदाचा भर असतो तेव्हा सारी सृष्टी नाचते, मन खचलं की तीच सृष्टी काळवंडते. निसर्ग त्याला त्याचंच मन परत देतो. अपवाद औदुंबराचा. त्या आठ ओळींत कवी बाजूला होतो, गाव, शेतं, वाट सगळं आपापल्या जागी आहे आणि झाड नुसतं पाहतं आहे. सांख्यांचा साक्षी पुरुष मराठीत इतका स्पष्ट दुसरीकडे मी पाहिलेला नाही. पण साक्षीला पाण्यात पाय सोडून बसता येतं, त्याला घागर भरायची नसते. माझे पारोळ्याचे विद्यार्थी बालकवींवर रागवायचे त्याचं कारण बहुधा हेच असावं. ते फुलांवर रागवलेले नव्हते. त्या कवितेत त्यांना स्वतःसाठी जागा सापडत नव्हती.

आणि ज्या वर्षी जळगावात ते कविसंमेलन भरलं त्या वर्षी त्याच गावात एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई शेतात राबत होती. बहिणाबाई चौधरी. जन्म 24 ऑगस्ट 1880, आसोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरात आली. तिला अक्षरओळख नव्हती. पुढे ऐन तिशीत वैधव्य आलं. दळताना, शेतात काम करताना ती लेवा बोलीत ओव्या रचत राहिली आणि मुलगा सोपानदेव व घरच्यांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी ती गेली. त्या ओव्या पुस्तक होऊन आल्या त्या 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. 1907 च्या त्या सभेत तिची दखल घेणारं कुणी असणं शक्यच नव्हतं.

बहिणाबाईला तत्त्वज्ञ म्हणण्याची आता पद्धत पडली आहे, पण बहुतेक वेळा तिच्या ओळी सुभाषितासारख्या भिंतीवर लावल्या जातात आणि तिची विचार करण्याची रीत दुर्लक्षित राहते. तिची रीत अशी की ती निसर्गाकडे बघते ती हातात काम असताना, आणि बघून झाल्याबरोबर माणसाकडे वळते. सुगरणीचा खोपा पाहिला की पाखराचं कसब, त्याची पिलांसाठीची तगमग, आणि मग थेट ऐकणाऱ्याला प्रश्न की तुला तर हात दिलेत, तू काय करतोस? जमिनीत बी रुजतं त्यावरच्या कवितेत अंकुराची श्रद्धा आहे, पण पेरणारा माणूस तिथून हटत नाही. तिच्याकडे देवाचे प्रश्नही शेताच्या बांधावरून विचारले जातात. ज्या बाईला नवरा गेल्यावर मुलं वाढवायची होती, तिला निसर्ग हा आसरा म्हणून परवडणारा नव्हता. म्हणून सेपेहरीच्या त्या पाण्यावरच्या कवितेशेजारी मला मराठीत कुणाला बसवायचं झालं तर मी बालकवींना बसवणार नाही, बहिणाबाईला बसवीन.

फारसीतल्या निमा यूशिजचं नावही इथे घ्यायला हवं, कारण आधुनिक इराणी कवितेची वाट त्यानं पाडली. कास्पियन समुद्राजवळच्या डोंगरातल्या यूश गावचा हा माणूस, 1897 ते 1960. पावसाची वर्दी देणाऱ्या झाडबेडकाला उद्देशून त्याची एक कविता आहे, शेजाऱ्याच्या शेताला लागून माझं शेत करपून गेलं, पाऊस कधी येणार, असं विचारणारी. समीक्षक तिथला शेजारी म्हणजे सोव्हिएत देश असं सांगतात. असेलही. पण आपल्याकडे पावश्याच्या ओरडण्याकडे कान लावून बसलेल्या माणसाला ती कविता राजकीय भाष्याशिवायही पुरते. बांधापलीकडचं हिरवं पीक आणि बांधाअलीकडचं करपलेलं पीक यात सगळं राजकारण आधीच आलेलं आहे.

आज पांझरेवर काय उरलंय? वरच्या अंगाला धरणं झाली, शहरांना पिण्याचं पाणी द्यावं लागलं, शेताशेतात विहिरी आणि मोटारी आल्या. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला बारेकऱ्याची वाट पाहायची गरज राहिली नाही आणि फड विस्कटत गेले. तिकडे यावल-रावेरकडे केळीनं सुबत्ता आणली, ती मी कमी लेखत नाही. ठिबकनं पाणी वाचवलं हेही खरं. पण जमिनीतून उपसा इतका होतो की विहिरींची जागा खोल कूपनलिकांनी घेतली. पाटाच्या पाण्याला खालचं अंग असतं, ते चालत जाऊन पाहता येतं. कूपनलिकेचं खालचं अंग कुणाच्याच नजरेस पडत नाही. माझ्या उपशानं कुणाची विहीर आटली हे मला कधीच कळणार नाही. सेपेहरीचं ते "असेल" म्हणायला आता पूर्वीपेक्षा जास्त कल्पनाशक्ती लागते, आणि शामलूच्या आरोपाला माझं उत्तर हेच आहे की ती कल्पनाशक्ती राजकारणाबाहेरची नाही. जुलूम करणाऱ्यात आधी तीच संपलेली असते.

सेपेहरीची कबर काशानजवळ मशहद-ए-अर्दहाल इथे एका दर्ग्याच्या आवारात आहे. त्या गावात दरवर्षी शरदात एक विधी होतो. हत्या झालेल्या इमामपुत्राचं शव ज्या गालिच्यावरून नेलं, त्याच्या आठवणीत एक गालिचा मिरवत ओढ्यावर नेतात आणि धुतात. 2012 मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पाण्याच्या कवीला जागा मिळाली ती ओढ्यावर अन्यायाचा शोक करणाऱ्या गावात. शामलू आणि सेपेहरी यांचं भांडण मिटवायला मला तरी ही हकिकत पुरते.

सरांची तब्येत आता ठीक नसते, वाचन थांबलं आहे. माधव जूलियनांनी 1925 मध्ये फार्शी-मराठी कोश करून ठेवला, पुढे खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. ती परंपरा आधुनिक फारसी कवितेपर्यंत यायला हवी. बुऱ्हाणपूर, जळगाव, मालेगाव या पट्ट्यात फारसी आणि मराठी दोन्ही येणारी माणसं अजून आहेत. त्यांनी सेपेहरी आणि निमा इंग्रजीचा आधार न घेता मूळ भाषेतून मराठीत आणावेत, ही माझी विनंती. दुसरी विनंती पांझरा-मोसम काठच्या घरांना. कुणाच्या घरी पाटकऱ्याचे जुने कागद, फडांच्या पालटाच्या नोंदी, बारेकरी म्हणून काम केलेले म्हातारे असतील, तर त्यांचं म्हणणं या वर्षीच लिहून घ्या. आजोबांचं मी लिहून घेतलं नाही, आणि आता विचारायला त्यांच्या पिढीतलं आमच्याकडे कुणी नाही.